डाव्या बाजूचं मागचं चाक

“नुसती चाकं?”

लग्नात, बारशाला, दाताच्या डॉक्टरकडे, कुठेही मी माझा धंदा सांगितला की समोरचा माणूस हेच विचारतो. गाड्या धुते म्हटलं असतं तर त्याला चटकन कळलं असतं. पण गाड्यांची फक्त चाकं धुते म्हटलं की तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी माणसांची फक्त कोपरं घासून देते.

तर हो, नुसती चाकं. परळला एका आडगल्लीत, जिथे पूर्वी पिठाची गिरणी होती, त्या गाळ्यात आमचं दुकान आहे. आधी तिथे आमच्या ह्यांचं गॅरेज होतं. ह्यांची पाठ धरली, वाकणं बंद झालं, तेव्हा मी म्हटलं, मी वाकते. तेव्हापासून मी चाकापाशी बसते आणि हे स्टुलावर बसून देखरेख करतात. देखरेख म्हणजे मी घासलेल्या चाकाकडे बोट दाखवून “थंय रवला गो” म्हणायचं. अख्खं चाक स्वच्छ झालंय, असं ह्यांना आजवर एकदाही दिसलेलं नाही.

चाक लोखंडी असेल तर फडकं मारा आणि विसरा. अलॉयचं तसं नाही. ॲल्युमिनियममध्ये आणखी धातू मिसळून ते ओततात, वर रंग देतात आणि त्यावर काचेसारखा वार्निशचा थर. थाट दागिन्याचा आणि राहायची जागा गटाराशेजारी. ब्रेक लावला की ब्रेकची तापलेली भुकटी उडून चाकावर बसते. तिच्यात लोखंड असतं, ते तिथेच गंजतं आणि नारिंगी ठिपके पडतात. मग लोक कुठून तरी ॲसिड आणून ओततात. ठिपके जातात, वार्निशही जातं आणि लोक माझ्याकडे येतात.

मी आधी चाक गार होऊ देते. तापलेल्या चाकावर पाणी मारलं की डाग पडलाच म्हणून समजा. मग लोखंड विरघळवायचं औषध फवारायचं. ते लोखंडाला लागलं की जांभळं होतं आणि चाकावरून जांभळे ओघळ वाहायला लागतात. हे पहिल्यांदा बघणारं गिऱ्हाईक हमखास किंचाळतं. लालबागच्या एक बाई तर कासावीस होऊन म्हणाल्या होत्या, “अहो, तिला लागलंय का कुठे?” त्यानंतर मऊ ब्रश, नटांच्या भोकांत दात घासायचा ब्रश, मग पुसणं, वाळवणं आणि शेवटी कोटिंग. स्पंजावर चार थेंब घ्यायचे, सगळीकडे सारखे फिरवायचे आणि घट्ट होण्याआधी पुसून काढायचे. त्यानंतर दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही. एवढं केलं की महिनोन्‌महिने चाकाला घाण धरत नाही, असं मी छातीठोकपणे सांगते.

धैर्यवान काकांनाही तसंच सांगितलं होतं.

धैर्यवान काका गिरगावचे. कित्येक पिढ्या त्याच वाडीत. बँकेतून चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि मग त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. का घेतली, तर शोरूमच्या काचेतून तिची चाकं आवडली म्हणून. काय चाकं होती! काळ्या रंगावर कातून काढलेल्या लखलखीत पाकळ्या. काकांचा चेहरा त्यात दिसायचा आणि काका तो बघायचे. पण चाकं एवढी चांगली, म्हणून गाडी कुठे न्यायची सोय नाही. दादरला पार्किंगमध्ये घासतील, वरळीला खारं वारं लागेल. त्यामुळे गाडी वाडीत उभी असायची आणि निघाली तर फक्त चाकं धुवायला माझ्याकडे यायची.

“पण काका, वाडीत उभ्या गाडीची चाकं खराब होतात कशी?” मी एकदा विचारलं.

“इथे येताना होतात ना,” काका म्हणाले.

शेजारच्या सीटवर काकी असायच्या. बारीक चणीच्या, शांत. मांडीवर डबा, डब्यात बहुतेक वेळा कोलंबीचं भानोलं, तिखट केकसारखं खरपूस भाजलेलं. डबा माझ्या हातात द्यायच्या आणि पुन्हा गाडीत जाऊन बसायच्या. काका मात्र लगेच उतरत नसत. काच दोन बोटं खाली करून आधी विचारायचे, “तो आहे का?”

तो म्हणजे मॅनेजर. आमच्या गल्लीतला म्हातारा काळा कुत्रा. दिवसभर आमच्या शटरपाशी बसतो, काम काही करत नाही आणि सगळ्यांच्या कामाकडे नाराजीने बघतो, म्हणून मॅनेजर. आडनाव धैर्यवान असलं तरी काका कुत्र्यांना जाम घाबरायचे. मॅनेजर झोपलेला असला तरी काका काकींच्या बाजूने उतरायचे, त्यासाठी आधी काकींना उतरायला लावायचे.

पहिलं कोटिंग करून दिलं आणि त्याच आठवड्यात काका परत हजर. डाव्या बाजूच्या मागच्या चाकावर पिवळट पांढरे ओघळ सुकलेले.

“मिसेस परब, तुमचं कोटिंग उतरलं.”

मी खाली बसले, वास घेतला. या धंद्यात नाक लागतंच. “काका, कुत्रा आहे.”

काका जागच्या जागी उडाले. “कुठे?”

“इथे नाही हो. तुमच्या वाडीत. तो चाकावर पाय वर करतोय.”

“शक्य नाही. आमच्या वाडीतली कुत्री तशी नाहीत.”

मी चाक धुऊन दिलं. आठवड्याने पुन्हा तेच, त्याच चाकावर. बाकीची तीन चाकं आरशासारखी. कोटिंग कितीही चांगलं असलं तरी रोज रोज असला मारा झाला आणि उन्हात सुकला, तर खालचं वार्निश धरत नाही. त्या कातलेल्या पाकळ्यांच्या कडेला तर एकदा पाणी आत शिरलं की पांढऱ्या अळ्या चालल्यासारख्या रेघा पसरतात, त्या कशानेच जात नाहीत. म्हणजे काकांचं चाक जाणार होतं आणि त्याच्याबरोबर माझं नावही. कारण काका वाडीत, बँकेच्या जुन्या मंडळींत, सगळ्यांना सांगत होते की परळला एक बाई आहेत, त्यांचं कोटिंग आठवडाभर टिकतं.

मग उपाय सुरू झाले. काकांनी चाकाशेजारी लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. कुत्र्याने त्यांना वळसा घातला. डांबराच्या गोळ्या ठेवल्या, तर सगळी वाडी शिंकली, कुत्रा सोडून. शेवटी काकींनी जुनं नऊवारी लुगडं फाडून चाकांना इलॅस्टिकची झबली शिवली. हिरवी, जरीच्या काठाची. चार चाकांना चार. काकांनी मला फोटो पाठवला. गाडी डोहाळजेवणाला बसल्यासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो आला. मागचं झबलं ओढून काढलेलं, चाक ओलं आणि काढलेल्या झबल्यावर एक तपकिरी कुत्रा गाढ झोपलेला.

त्याचं नाव पेढा. आणि इथून प्रकरण चिघळलं, कारण पेढ्याला रोज दूधपोळी घालायचे ते सबनीस.

बाळ सबनीस आणि काका एकाच वाडीत वाढलेले, एकाच बाकावर शिकलेले. सबनीसांची बायको गेल्यापासून ते एकटेच असतात. रोज सकाळी दोघे चौपाटीवर फिरायला जायचे आणि येऊन काकींच्या हातचा चहा प्यायचे. काकांनी सबनीसांना सांगितलं, कुत्र्याला खायला घालणं बंद कर. सबनीस म्हणाले, “दिगू, तू आधी ती गाडी हलव. गाडी आहे की देव्हारा?” काका म्हणाले, कुत्र्याला तूच शिकवतोस, तुला माझी गाडी बघवत नाही. झालं. फिरणं बंद, चहा बंद.

हे मला काकींनी फोनवर सांगितलं. एरवी न बोलणारी बाई, त्या दिवशी कुजबुजत बोलत होती. बहुधा स्वयंपाकघरातून.

“बाई, हे एकटेच चहा पितात आणि दुसऱ्या कपाकडे बघत बसतात. सबनीस भावजी जेवतात की नाही देव जाणे, डबा पाठवला तर परत येतो. आणि हे आता म्हणतात, पेढ्याला कुठेतरी लांब नेऊन सोडायची व्यवस्था करतो. तसं झालं तर भावजी आयुष्यात यांचं तोंड बघणार नाहीत. तुम्ही काहीतरी करा.”

“मी काय करू काकी? मी चाकं धुते.”

“चाकाचंच तर आहे ना सगळं,” काकी म्हणाल्या.

फोन ठेवून मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “कुत्र्याक काय ठावक कोटिंग म्हणजे काय ता? तू जा आणि बघून ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच बादली, ब्रश, औषधं घेऊन मी गिरगावला गेले. काकी आणि मी गॅलरीत उभ्या राहिलो. काका आमच्या मागे, दाराच्या आत. समोरच्या गॅलरीत सबनीस बनियनवर, आमच्याकडे बघत नसल्याचं दाखवत. खाली पेढा निघाला. वाडीत एका रांगेत गाड्या उभ्या. पेढ्याने पहिलीकडे बघितलं नाही, दुसरीकडे बघितलं नाही, स्कूटरला नुसतं शेपूट लावलं आणि थेट काकांच्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकापाशी येऊन थांबला. नाक लावलं. बराच वेळ, अगदी मन लावून वास घेतला. मग पाय वर केला.

“बघा! बघा!” काका आतून ओरडले. “याला माझंच चाक दिसतं!”

“कारण तुझंच चाक नाचतंय सगळ्यांसमोर,” सबनीस समोरून हवेत बोलल्यासारखं म्हणाले.

“बाळ्या, मी तुझ्याशी बोलत नाहीये!”

“मीही भिंतीशी बोलतोय!”

मी खाली उतरले आणि ते चाक तिथेच धुतलं. वास घालवायच्या औषधाने तीनदा धुतलं, आतली बाजू धुतली, टायरही धुतला. आणि काकांना सांगितलं, “आता काही दिवस गाडी माझ्याकडे आणू नका. धूळ बसली तर बसू दे. इथेच ठेवा आणि काय होतं ते बघा.” मला खरं म्हणजे काही सुचलं नव्हतं. वेळ काढायचा, एवढाच विचार होता.

आणि चमत्कार झाला. काकांचा रोज फोन यायला लागला. आज आला, वास घेतला, निघून गेला. आज नुसता बघून गेला. आज तर स्कूटरवर केलं! आठवडा उलटला तरी चाक कोरडं. काकांचा आवाज असा, जणू घरातला आजारी माणूस उठून बसलाय.

“मिसेस परब, तुमच्या त्या शेवटच्या औषधात जादू आहे. मी येतोच. बाकीच्या चाकांनाही मारून टाका.”

मी फुगले. खोटं कशाला सांगू? ह्यांना म्हटलं, बघा. हे म्हणाले, “थंय रवला गो,” पण सवयीने.

काका काकी आले. काकांनी पेढ्यांचा पुडा आणला होता आणि तो देताना स्वतःच हसले. मी चारही चाकं धुतली, औषध मारलं, पुसली, कोटिंगचा हात फिरवला. गाडी दारात लावली, नेहमीसारखी, तोंड रस्त्याकडे. काका, हे आणि मी दुकानात आत चहा प्यायला बसलो. काकी नेहमीप्रमाणे गाडीत.

चहाचा पहिला घोट घेतला आणि बाहेरून अशी किंकाळी आली की ह्यांच्या हातातली बशी पडली.

“अहोऽऽ! धावा! हाच आहे!”

आम्ही धावलो. काकी काचेतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या आणि मागे बोट दाखवत होत्या. गाडीचं डावं मागचं चाक शटरच्या कोपऱ्याशी, म्हणजे मॅनेजरच्या रोजच्या जागेपाशी आलं होतं. आणि मॅनेजर, ज्याला मी कधी उठून चार पावलं चालताना पाहिलं नव्हतं, तो तीन पायांवर उभा राहून अतिशय शांतपणे काम उरकत होता.

“आरशात दिसला मला,” काकी म्हणाल्या. “अहो, आधी हा करतोय! आपला पेढा नुसतं उत्तर देतोय!”

मॅनेजरने पाय खाली घेतला, आमच्याकडे नेहमीच्या नाराजीने बघितलं आणि जाऊन झोपला.

सगळं डोक्यात उलगडायला मला थोडा वेळ लागला. मी चाक धुणार, गाडी दारात लावणार, गिऱ्हाईक आत चहा पिणार. तेवढ्यात मॅनेजर आपलं काम करणार. गाडी गिरगावला जाणार आणि पेढा म्हणणार, हा कोण परळचा, माझ्या वाडीत येऊन पाय वर करून जातो? आठवडाभर गाडी आली नाही, तर पेढ्याला राग यायचं कारणच उरलं नाही. आणि मग मला माझी बाकीची गिऱ्हाइकं आठवली. शीवचे, वरळीचे, शिवडीचे. इतक्या वर्षांत किती वाड्यांत, किती सोसायट्यांत, किती निरपराध कुत्र्यांनी शिव्या खाल्ल्या असतील, किती शेजारी भांडले असतील! ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आपलं स्टूल काकांपुढे सरकवलं.

“काका,” मी म्हटलं, “आमचाच निघाला. माफ करा.”

काका ऐकत नव्हते. ते स्टुलावर बसले होते, ह्यांच्या.

“बाळ्याला मी काय काय बोललो,” ते म्हणाले.

“फोन करा,” काकी म्हणाल्या.

“काय सांगू फोनवर? परळच्या कुत्र्याने केलं म्हणून? तो विश्वास ठेवणार आहे का?”

“मग घेऊन या त्यांना. बघू दे त्यांच्या डोळ्यांनी.”

काकांनी फोन लावला. पलीकडून सबनीस काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण काका म्हणाले, “बाळ्या, फोन ठेवू नकोस... नाही, भांडायला नाही. मी तुला न्यायला येतोय... गाडीने. हो, गाडी हलवतोय, ऐकलंस ते बरोबर आहे.” मग थांबले. काकींकडे बघितलं. कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, “पेढ्यालाही घे.”

काकी खाली उतरल्या. डिकीतून ती हिरवी जरीच्या काठाची झबली काढून त्यांनी मागच्या सीटवर अंथरली आणि काकांना म्हणाल्या, “सावकाश जा.” काका एकटेच गेले.

ते परत आले तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच हॉर्न ऐकू येत होता. काका स्टिअरिंगला चिकटून बसले होते, मान ताठ, डोळे रस्त्यावर. मागच्या सीटवर सबनीस आणि त्यांच्या शेजारी पेढा, पुढचे दोन्ही पाय काकांच्या सीटवर ठेवून, काकांच्या कानामागे धापा टाकत.

“तो चाटतोय का रे मला?” काकांनी गाडी थांबवून, वळूनही न बघता विचारलं.

“गिरगावपासून,” सबनीस म्हणाले.

सबनीस उतरले, पेढा उतरला. मॅनेजर उठला. इतके दिवस जे दोन कुत्रे एकमेकांना न बघता भांडत होते, ते आता समोरासमोर. मी हातात पाण्याचा पाइप तयार ठेवला होता, उडी मारलीच तर सोडवायला.

पेढ्याने मॅनेजरचा वास घेतला. मॅनेजरने पेढ्याचा घेतला. दोघांनी एकेकदा शेपूट हलवलं आणि तोंडं फिरवली.

“एवढंच?” काका म्हणाले.

“मग काय, पाया पडायला हवे होते?” सबनीस म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडून सगळी हकिगत ऐकली. मी सांगत असताना त्यांचे खांदे हलायला लागले आणि शेवटी ते शटरला धरून इतके हसले की ह्यांनी त्यांना पाणी दिलं. काका लाल होऊन उभे होते. मग म्हणाले, “बाळ्या, चुकलं रे माझं.”

“ते जाऊ दे,” सबनीस डोळे पुसत म्हणाले. “देव्हारा हलला, हेच पुष्कळ झालं. आणि डबा परत पाठवत होतो तो उपाशी राहून, हे वहिनींना सांगू नकोस.”

“मी इथेच उभी आहे,” काकी म्हणाल्या आणि भानोल्याचा डबा त्यांच्या हातात दिला.

सबनीस उभ्या उभ्याच खायला लागले. काकांनी त्याच डब्यात हात घातला. आणि आमचं लक्ष तिकडे असताना मॅनेजर चालत गाडीच्या मागे गेला. त्याच्यामागून पेढा. दोघे शेजारी शेजारी उभे राहिले, डाव्या बाजूच्या मागच्या चाकापाशी, ताज्या कोटिंगपाशी. आधी एकाने पाय वर केला, मग दुसऱ्याने.

मी पाइपचा नळ सोडायला धावले. काकांनी हात आडवा केला. त्यांच्या बोटांना भानोलं लागलं होतं आणि चेहऱ्यावर असं काही होतं, जे त्या चाकांच्या आरशात त्यांना कधी दिसलं नसेल.

“थांबा, मिसेस परब,” ते हळूच म्हणाले. “आधी त्यांचं बोलून होऊ दे.”